पाळीपर्यंत

दवाखान्यातून आल्यावर पहिल्या दिवशी
दारापासून चिंचेपर्यंत गेलो.
सव्वीस पावलं.
मोजली बायकोनं. माझं सगळं ध्यान
पुढचा श्वास कुठून आणायचा ह्याच्यात.
चिंचेला पाठ लावून बसलो तर
समोरचा वाघूजी म्हातारा खाटेवरून म्हणाला,
"का गा पर्सराम, बाजारात चाललास का?"
हसायला गेलो, खोकलाच आला.

मी पोवन कांदे काढणारा माणूस.
माळगुजारी तलावात जिथं बांबू बुडतो
तिथं डोळे मिटून खाली जायचो,
थंड चिखलात बोटं घालून
देठाच्या मुळाशी चाचपत राहायचो,
आणि वर पाळीवर पोरं मोजायची
साठ, सत्तर, ऐंशी.
एकदा शंभराच्या पुढे गेलो,
धाकट्याला शंभराच्या पुढचं येत नव्हतं,
तो रडायलाच लागला.

आता निरुताई येते, आशाचं काम करते ती,
बोटाला चिमटा लावते.
त्र्याण्णव, म्हणते.
किती पाहिजेत? विचारलं मी.
"आधी बस," म्हणाली.

साकोलीला सोळा दिवस पालथा होतो,
उन्हाळ्यात पाणी आटलं की
पाळीवर डोंगा पालथा घालतात ना, तसा.
बाजूच्या खाटेवरचा मास्तर
रात्री पाढे म्हणायचा.
एका सकाळी त्याची चादर नवी होती.

रोज थोडी पावलं वाढवायची,
बोलता बोलता धाप लागली तर थांबायचं,
एवढंच औषध उरलं होतं.
बायकोनं चुलीतल्या कोळशानं भिंतीवर लिहिलं:
सव्वीस, तीस, तीस, चाळीस.
एका जागी नुसती रेघ,
त्या दिवशी मी खाटेवरून उठलोच नाही.

बाराव्या दिवशी अंगात जोर आला.
कोणाला न सांगता तलावापर्यंत गेलो,
पाण्यात हात घातला,
वाटलं, झालं, सुटलो.
मग चार दिवस चहाची कपबशी धरवेना.
निरुताई दारातूनच ओरडली,
"अंग का भाड्याचा ट्रॅक्टर हाय का तुझा?
एका दिसात सारी बांधी चिखलून घेतोस?"

पुन्हा चिंचेपासून.

रोवणी लागली तेव्हा दीडशेवर होतो.
पहाटे धुऱ्यावरून मी पुढे, ती मागे,
परह्याला जायच्या आधी मला फिरवून आणायची.
एकोणनव्वद, नव्वद, एक्याण्णव,
आणि मागचा आवाज थांबला.
वळून बघितलं.
ती कमरेवर हात ठेवून उभी,
तोंड उघडं, ओठ सुकलेले,
पाण्याबाहेर काढलेल्या दाडकासारखी.

तेव्हा आठवलं,
माझ्यासोबत ताप तिलाही होता.
आठ दिवस. डबा तिनंच पाठवला.
तिच्या बोटाला चिमटा लागला नाही,
भिंतीवर तिची रेघ नाही.
"का झालं?"
"मले का होते," म्हणाली,
"परहे सरू दे, मंग बसतो मी."
"आत्ता बस," म्हटलं.
निरुताईचाच आवाज निघाला माझ्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मी मागे, ती पुढे.
माझी मोजणी तिच्याएवढी पक्की नाही,
मधेच चुकायची, ती पुढून दुरुस्त करायची.
तिची रेघ मी गेरूनं काढली,
कोळशाच्या खाली, जरा तिरकी.

पोळा उलटून गेल्यावर पाळीवर पोहोचलो,
दोघं, एकाच सकाळी.
बेशरमाच्या झुडपाशी पाणी हललं,
मरळ वर आली,
एक घोट हवा घेतली, गेली.
जाळं टाकायची हीच वेळ असते.
इतकी वर्षं ह्याच घोटावर नेम धरून जगलो.
जाळं घरी खुंटीला होतं.
"मरळ," ती म्हणाली.
"पायली."

परत जाताना मोजायचं कोणी
ह्याच्यावरून आमचं भांडण झालं,
भांडता भांडता दोघांनाही धाप लागली,
मग पुन्हा बसलो.